माळ्यावरची हॉकी स्टिक

मैत्रिणींनो, आपल्या आष्ट्यासारख्या गावात बायकांच्या स्पर्धांना काही तोटा नाही. संक्रांतीच्या हळदी-कुंकवात संगीत खुर्ची होते, श्रावणात मंगळागौरीचे खेळ होतात, भाद्रपदात गौरीपुढच्या आराशीला नंबर दिले जातात, आश्विनात हादगा आणि रांगोळी. मधेमधे पाककृती, उखाणे, पैठणीचे खेळ चालूच असतात. आता जरा मोजून बघा, यातल्या किती स्पर्धांत आपण जीव खाऊन पळतो? किती स्पर्धांत पाच-सातजणी एका संघाच्या म्हणून एकत्र जिंकतो नाहीतर एकत्र हरतो? झिम्मा-फुगडी सोडली तर एका हाताची बोटंसुद्धा पुरी दुमडावी लागणार नाहीत.

उलट पुरुषांचं बघा. दिवाळी सरली की गावोगावी टेनिस बॉल क्रिकेटचे सामने सुरू होतात. कुणाच्या तरी नावाचा ‘चषक’ असतो, मांडव असतो, माईकवर बसलेला समालोचक असतो. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला गडीसुद्धा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बॉलिंग टाकायला उतरतो. त्याला कुणी विचारत नाही, की बाबा रे, या वयात हे काय? दुसऱ्या दिवशी त्याचं अंग दुखतं, मग घरातली बाईच त्याच्या पाठीला बाम चोळते. तिलाही कधी खेळावंसं वाटत असेल, हे मात्र कुणाच्या मनात येत नाही. खरं सांगायचं तर पुष्कळदा तिच्या स्वतःच्याही मनात येत नाही.

आजचा विषय मोठ्या बायकांच्या हॉकीचा. मोठ्या म्हणजे मोठमोठ्या खेळाडू नव्हेत. वयानं मोठ्या. ज्यांची लग्नं झाली, मुलं झाली, काहींच्या घरात सुनाही आल्या, अशा बायकांनी रीतसर संघ करून, पंच ठेवून, गुण मोजून खेळायच्या हॉकीच्या स्पर्धा. हसू नका. जगात अशा स्पर्धा होतात, आपल्या देशातही सुरू झाल्यात, आणि त्या आपल्या गावापर्यंत का याव्यात, हेच आज बोलायचं आहे.

फलटणच्या पोरी

हॉकी आपल्याकडची नाही, ती पंजाब-हरियाणाची, नाहीतर झारखंड-ओडिशाची, असा आपला एक समज असतो. पण शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्याकडे जरा बघा. आसू गावची वैष्णवी फाळके शेतकऱ्याची लेक. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकली आणि भारताच्या मधल्या फळीत खेळू लागली. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या महिला संघानं ब्राँझ पदक मिळवलं, त्या संघात ती होती. २०२४ च्या नोव्हेंबरात बिहारमधल्या राजगीरला आपण आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकला, त्याही संघात होती. त्याच तालुक्यातली ऋतुजा पिसाळ २०२४ च्या जानेवारीत मस्कतला पहिला फाइव्ह-अ-साइड विश्वचषक खेळली. अंतिम सामन्यात नेदरलँड्सनं आपल्याला ७-२ नं हरवलं, पण जगातलं रौप्यपदक घेऊन आपल्या पोरी परतल्या. अक्षता ढेकळे हीसुद्धा फलटणकडचीच. एकाच तालुक्यातून तीन मुली देशाकडून खेळाव्यात, ही काय साधी गोष्ट झाली? आणि २०२४ च्या मार्चमध्ये पिंपरीच्या नेहरूनगरच्या मैदानावर वरिष्ठ महिलांची राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा महाराष्ट्राचा संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता. हरियाणानं हरवलं, पण गाठ तर पडली!

ही परंपरा आजची नाही. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले आणि पहिल्याच वर्षी तो मिळवणारी पहिली बाई ठरली ती हॉकीपटू, बंगालची अ‍ॅन लम्सडेन. म्हणजे या देशात बाईला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला तो हॉकीमुळे. पुढे पुण्याच्या रेखा मुंडफन, लग्नानंतरच्या रेखा भिडे, यांनाही अर्जुन मिळाला. पुण्याच्याच एलिझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. टीव्ही तेव्हा नुकता रंगीत झाला होता. आपल्या आयांनी, मावश्यांनी शेजारच्यांच्या घरी दाटीवाटीनं बसून ती स्पर्धा पाहिली असेल.

पण उरलेल्यांचं काय?

वैष्णवी आणि ऋतुजा यांचं कौतुक आपण करतोच, करायलाच हवं. मला आज चिंता आहे ती त्यांच्याबरोबर खेळलेल्या बाकीच्या मुलींची. एक मुलगी देशाच्या संघात जाते, तेव्हा तिच्यामागे शाळेच्या, तालुक्याच्या, जिल्ह्याच्या मैदानावर तिच्याबरोबर धावलेल्या शेकडो मुली असतात. त्यांच्यातल्या बहुतेकींचा खेळ बारावीला थांबतो. फार तर कॉलेजात आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत जातो. मग पदवी, मग बघण्याचा कार्यक्रम. लग्नाच्या बायोडाट्यात ‘छंद : वाचन, स्वयंपाक’ असं लिहिलं जातं. ‘जिल्हा संघातून हॉकी, सेंटर हाफ’ असं कुणी लिहीत नाही, कारण सासरच्यांना पोरगी दांडगट वाटायची! स्टिक माहेरच्या माळ्यावर जाते. प्रमाणपत्रं फाइलमध्ये जातात. पुढे भावाचं लग्न ठरलं, घराला रंग काढला, की ती स्टिक एक तर भंगारात जाते नाहीतर कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकू म्हणून उभी राहते.

आमच्या ओळखीत अशा बायका किती निघतील, याचा अंदाज घ्यायचा म्हणून मध्यंतरी मी सहज विचारायला सुरुवात केली. बचत गटाच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकड्यावर. कुणी खो-खोत शाळेची कॅप्टन होती. कुणी कबड्डीत ‘चढाई’ला जायची. हॉकी खेळलेल्या थोड्या भेटल्या, पण भेटल्या. त्यातल्या एकीनं, वय असेल पंचेचाळीस, हातातली वाटी बाजूला ठेवून जागच्या जागी स्टिक धरायची पोज घेऊन दाखवली. डावा हात वर, उजवा खाली, गुडघे वाकलेले. “बाई, इतक्या वर्षांनी पण हात कसे बरोबर जागेवर गेले बघा,” म्हणाली आणि स्वतःच चकित झाली. शरीर विसरत नाही हो. त्याला विसरायला लावतात!

सरकारी योजना मुलींसाठी आहेत, आणि त्या हव्यातच. ‘खेलो इंडिया’ आहे, मुलींसाठीच्या ‘अस्मिता’ स्पर्धा आहेत, शालेय स्पर्धा आहेत. त्यांचा सगळा भर कोवळ्या वयावर. पंचविशीच्या पुढच्या बाईला, जी देशासाठी खेळणार नाही, पदक आणणार नाही, नोकरीच्या कोट्यासाठीही खेळणार नाही, तिला नुसतं खेळायचं आहे, चुरशीनं खेळायचं आहे, तिच्यासाठी आपल्याकडे मैदानच नाही. ती एकदम मैदानाच्या कडेला जाते. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या महिला क्रिकेट संघानं विश्वचषक जिंकला. त्या संघाची उपकर्णधार स्मृती मानधना आपल्या सांगलीत वाढलेली. मग लेकींना नेटमध्ये घालायला आया निघाल्या, चांगलंच झालं. लेक आत सराव करते आणि आई बाहेर कट्ट्यावर पर्स मांडीवर घेऊन दीड तास बसते. आता एक गंमत सांगते. त्या विश्वविजेत्या संघाची कर्णधार हरमनप्रीत कौर त्या दिवशी ३६ वर्षांची होती. कट्ट्यावर बसलेल्या कितीतरी आया तिच्याच वयाच्या असतील, काही लहानही असतील.

पस्तिशीनंतर सुरू होणारी हॉकी

जगात ‘मास्टर्स हॉकी’ नावाचा प्रकार आहे. त्यात बायकांचा सर्वांत लहान गटच मुळी पस्तीस वर्षांच्या पुढचा. मग चाळीसच्या पुढच्या, पंचेचाळीसच्या पुढच्या, पन्नास, पंचावन्न, साठ... असे गट चढत जातात. देशोदेशीचे संघ येतात, विश्वचषक होतो. १९८५ साली कॅनडात टोरांटोला प्रौढांच्या जागतिक क्रीडास्पर्धा पहिल्यांदा भरल्या, तेव्हापासून ही कल्पना जगभर पसरली. आपल्याकडे उशीर झाला, पण २०२५ च्या जूनमध्ये हॉकी इंडियानं चेन्नईला पहिला ‘मास्टर्स कप’ भरवला आणि त्यात पुरुषांबरोबर महिलांचेही राज्याराज्यांचे संघ उतरले. म्हणजे आता कुणी ‘हे असलं कुठं असतं का?’ म्हणालं, तर सांगायला उत्तर आहे. असतं. आणि आपल्या देशातच असतं.

हॉकीच्या इतिहासातली माझी सर्वांत आवडती गोष्ट सांगते. १९८० साली मॉस्को ऑलिंपिकमध्ये बायकांची हॉकी पहिल्यांदा आली. त्या ऑलिंपिकवर अनेक देशांनी बहिष्कार टाकला होता, संघ कमी पडत होते. मग नुकत्याच स्वतंत्र झालेल्या झिम्बाब्वेला अगदी ऐनवेळी बोलावणं गेलं. घाईघाईनं संघ जमवला. खेळाडू सगळ्या हौशी, नोकरी-धंदा सांभाळून खेळणाऱ्या. अशा या संघानं ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकलं! आपला भारतीय संघ त्या स्पर्धेत चौथा आला होता. पुढची गंमत आपल्याला चांगलीच ओळखीची वाटेल. विजेत्या खेळाडूंना बक्षीस म्हणून प्रत्येकी एक बैल देऊ, असं जाहीर झालं होतं म्हणे. घरी परतल्यावर हातात पडली ती मांसाची पुडी. घोषणा मोठी आणि पदरात पुडी, हे काही फक्त आपल्याकडेच होतं असं नाही!

आणि बाळंतपणानंतर खेळ संपतो म्हणणाऱ्यांसाठी हरियाणाच्या प्रीतम सिवाच यांचं उदाहरण. २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिला हॉकी संघानं सुवर्णपदक जिंकलं. ज्या विजयाची आठवण पुढे २००७ च्या ‘चक दे! इंडिया’ या चित्रपटानं घरोघर पोचवली, तोच विजय. त्या संघात प्रीतम होत्या आणि तेव्हा त्यांचा मुलगा अगदी लहान होता. पुढे त्यांनी सोनीपतला मुलींना घडवलं आणि द्रोणाचार्य पुरस्कार मिळवला.

“दिवसभर राबतोय, तेवढा व्यायाम पुरे की!”

असं म्हटल्यावर पहिला आक्षेप हाच येतो, आणि तो खोटा नाही. आपल्या भागातली बाई बसून खात नाही. उसाच्या लागणीत, भांगलणीत, वैरणीच्या भाऱ्याखाली तिची कंबर मोडते. पहाटे उठून धार, डेअरीला दूध, मग डबे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात या कृष्णा-वारणेच्या पट्ट्यातल्या बायकांनी घरंच्या घरं डोक्यावरून वाहून नेली. तिला कुणी व्यायाम शिकवायची गरज काय, असं वाटणं साहजिक आहे.

पण श्रम आणि खेळ यांत फरक आहे. श्रमात एकच एक हालचाल तासन्‌तास होते, वाकून वाकून पाठ धरते. श्रमाची वेळ दुसऱ्यानं ठरवलेली असते. खेळात सगळं अंग चालतं, थांबता येतं, पळता येतं, हसता येतं. श्रम संपतो तेव्हा जीव थकतो. खेळ संपतो तेव्हा अंग थकतं, पण जीव हलका होतो. हे ज्यांनी खेळून पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

शिवाय गावातल्या सगळ्याच बायका आता शेतात जातात कुठे? कुणी शाळेत शिकवते, कुणी पतसंस्थेत काउंटरवर बसते, कुणी दुकान सांभाळते, कुणी शिलाई मशीनवर दिवसभर वाकलेली. घरात मिक्सर, गॅस, वॉशिंग मशीन आलं. काम कमी झालं असं नाही, पण हालचाल कमी झाली. २०२४ साली लॅन्सेट समूहाच्या एका नियतकालिकात आलेला अभ्यास सांगतो, की २०२२ मध्ये भारतातल्या प्रौढ बायकांपैकी साधारण ५७ टक्के बायकांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के होतं. पुरेशी म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं बऱ्यापैकी दम लागेल अशी हालचाल करावी. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. त्यातच चाळिशीनंतर, पाळी जाण्याच्या सुमारास बाईची हाडं ठिसूळ व्हायला लागतात. पळणं, उड्या, झपकन वळणं यांनी हाडांना आणि स्नायूंना बळकटी येते. गोळ्यांचं काम गोळ्या करतील, पण पायाचं काम पायानंच करायचं असतं.

आता कुणी म्हणेल, मग सकाळी फिरायला जावं की! स्पर्धा कशाला? जा ना, जरूर जा. पण फिरायला जाणं मोडतं कधी, ठाऊक आहे? पाहुणे आले, पोराची परीक्षा आली, पाऊस आला, की पहिली कात्री आपल्या फिरण्यालाच. कारण आपण नाही गेलो तर कुणाचं काही अडत नाही. संघात असलं की अडतं. ‘अगं, तू नाही आलीस तर आमच्या बचावफळीत कोण?’ असा फोन येतो. घरातल्या कामासाठी आपण अडतो हे रोजचंच आहे. पण आपल्यावाचून मैदानावर कुणाचं तरी अडतं, ही भावना कितीजणींनी लग्नानंतर अनुभवली असेल?

आणि हरणं-जिंकणंही हवं. बायकांच्या स्पर्धा म्हटलं, की ‘सगळ्याच विजेत्या’ म्हणून सगळ्यांना स्टीलचा डबा वाटायची पद्धत पडलीय. त्यात प्रेम असतं, मान्य. पण त्यात आपला खेळ कुणी गंभीरपणे घेतलेला नसतो. तीन गोलांनी हरून घरी यावं, रात्री चपात्या लाटताना ‘तो चेंडू मी सोडायला नको होता’ म्हणून चरफडावं, पुढच्या रविवारी पुन्हा जावं. हे सुख आहे, आणि ते फक्त पुरुषांच्याच वाट्याला का यावं?

आष्ट्यात कसं जमेल?

आता व्यवहाराचं बोलू. कुणी म्हणेल, टर्फ कुठून आणायचं? कोल्हापुरात मेजर ध्यानचंद स्टेडियम आहे, पुण्या-पिंपरीत आहे, आपल्याकडे काय? तर मैत्रिणींनो, टर्फची गरजच नाही. अकराजणींची पूर्ण हॉकी साठ मिनिटांची असते, मैदान ९१ मीटरपेक्षाही लांब लागतं. सुरुवातीला ते आपल्याला झेपणारही नाही. पण ऋतुजा ज्या प्रकारात मस्कतला खेळली, तो पाचजणींचा खेळ आपल्यासाठीच केल्यासारखा आहे. एका वेळी पाचच खेळाडू, दहा-दहा मिनिटांचे दोन डाव, मैदान निम्म्याच्या आसपास, आणि बदली खेळाडू हव्या तितक्या वेळा आत-बाहेर. दम लागला की बाहेर, पाणी प्यायलं की आत! आठ-नऊजणींचा गट असला की संघ झाला. पेठ-सांगली रस्त्यावरून जाताना दिसणारी शाळा-कॉलेजांची मैदानं आठवा. खडे वेचून, पाणी मारून, चुन्याच्या रेघा ओढल्या की काम झालं.

नियमही आपल्या सोयीचे करता येतात. पहिल्या वर्षी कडक चेंडू नको, हलका घ्या. स्टिक गुडघ्याच्या वर उचलायची नाही, चेंडू उंच मारायचा नाही, इतकं पंचांनी काटेकोर पाळलं की दुखापतीची भीती निम्मी कमी. गोलरक्षकाचा पोशाख महाग असतो, तर गोल छोटे ठेवून गोलरक्षकाशिवाय खेळा. नडगीला पॅड मात्र हवेतच, आणि बूट हवेत. चपलेवर पळू नका. वयाचे दोन गट करा, तिशी ते चाळिशी आणि चाळिशीच्या पुढे. आणि एक माझी आवडती अट, प्रत्येक संघात निदान दोघी अशा हव्यात, ज्यांनी आयुष्यात स्टिक हातात धरलेली नाही. म्हणजे खेळाडूंचीच मक्तेदारी होणार नाही.

संघ कुठून येणार? आपल्याकडे बायकांचे गट आधीच बांधलेले आहेत. बचत गट आहेत, अंगणवाडी ताई आहेत, आशा ताई आहेत, शिक्षिका आहेत, दवाखान्यातल्या सिस्टर आहेत. ज्या बायका महिन्याच्या महिन्याला पैसे गोळा करून हिशेब चोख ठेवतात, त्यांना सामन्यांचं वेळापत्रक जमणार नाही? स्टिका शाळांकडून सुट्टीच्या दिवसापुरत्या मागता येतील. शिकवायला क्रीडाशिक्षक आहेत, आणि त्याहून चांगलं म्हणजे आत्ता शाळेत खेळणाऱ्या आपल्याच लेकी. आईला स्टिक कशी धरायची हे लेकीनं शिकवावं, यापेक्षा चांगला रविवार कोणता?

नगरपालिकेकडे महिला व बालकल्याणासाठी निधी असतो. तो शिलाई मशीन आणि ब्यूटी पार्लरच्या प्रशिक्षणावर खर्च होतो, होऊ दे. त्यातला थोडा मैदानावर बायकांसाठी स्वच्छ, आतून कडी असलेल्या स्वच्छतागृहासाठी मागू या. हसण्यावारी नेऊ नका. बायकांचा खेळ कित्येकदा स्वच्छतागृहापाशीच संपतो. महाराष्ट्रात पालिकेच्या निम्म्या जागा आपल्यासाठी राखीव आहेत. आपल्या नगरसेविकेला जाऊन सांगा, ‘ताई, हळदी-कुंकवाला वाण नको, मैदानाला दिवे द्या.’ त्या स्वतः संघात उतरल्या तर दुधात साखर!

वेळ? रविवारी सकाळी साडेसहा ते नऊ. ही वेळ सर्वांत अवघड आहे, हे मला कळतं. धार, डेअरी, नाश्ता, सगळं त्याच वेळेला. इथे घरच्यांची परीक्षा आहे. आठवड्यातून एक सकाळ चहा कुणी करायचा, पोरांना उठवायचं कुणी, एवढाच प्रश्न आहे. एका सकाळच्या चहानं संसार मोडत नाही. मोडत असेल, तर तो कशावर उभा होता, हे एकदा बघायला हवं.

कपड्यांवरून बोलणारे बोलतील. सलवार-कमीज, ट्रॅक पँट, जे अंगाला सोयीचं असेल ते घाला. साडीत मात्र नको, पाय अडकून पडाल. शिट्ट्या मारणारी पोरं येतील. पहिल्या रविवारी येतील, दुसऱ्या रविवारी येतील, तिसऱ्या रविवारी सामना चुरशीचा झाला तर टाळ्या वाजवतील. सासूबाई म्हणतील, “खुळी झालीस व्हय गं?” त्यांना बाजूला खुर्ची टाका आणि गुण मोजायची वही हातात द्या. मला खात्री आहे, की दोन सामन्यांनंतर त्या पंचांशी वाद घालतील!

जरा जपूनही

उत्साहाच्या भरात एकदम पळायला सुरुवात करू नका. महिनाभर आधी झपझप चाला, मग हळूहळू पळा. खेळाआधी दहा मिनिटं अंग मोकळं करा. हॉकीत कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं, नाहीतर पाठ धरेल. रक्तदाब, साखर, छातीत दुखणं, गुडघ्याचा जुना त्रास असला किंवा नुकतंच सिझर वा पिशवीचं ऑपरेशन झालं असलं, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणखी एक गोष्ट, जी आपण एकमेकींतही बोलत नाही. बाळंतपणानंतर पळताना, उडी मारताना, खोकताना थेंब-थेंब लघवी होते, म्हणून कितीतरी बायका पळणंच सोडतात. लाजून कुणाला सांगत नाहीत. हे पुष्कळजणींना होतं आणि त्यावर उपाय आहेत. ओटीपोटाच्या खालच्या स्नायूंचे साधे व्यायाम असतात, बाई डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे शिकायला मिळतात. खेळायचं नसलं तरी हे शिकून घ्याच.

एवढं सगळं जमून आलं तर काय होईल? आष्ट्याच्या बायका ऑलिंपिकला जाणार नाहीत. पण वाळव्याचा, मिरजेचा, तासगावचा, शिराळ्याचा एकेक संघ तयार झाला, तर वर्षातून एकदा तालुक्या-तालुक्यांतले सामने होऊ शकतील. माहेरचा संघ आणि सासरचा संघ समोरासमोर येईल. नणंद-भावजय एका संघात खेळतील आणि चेंडू एकमेकींना पास करायला शिकतील, तेही काही कमी नाही. आणि जी मुलगी आज शाळेच्या मैदानावर खेळते आहे, तिला दिसेल की आपला खेळ लग्नपत्रिकेपाशी संपत नाही. तिच्या लग्नाच्या बायोडाट्यात ‘सेंटर हाफ’ हे शब्द लिहायला तिची आई लाजणार नाही.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. आपल्या ओळखीतल्या पाचजणींना विचारा, ‘तू शाळेत काय खेळायचीस गं?’ उत्तरं एका कागदावर लिहा. पाच नावं झाली, की जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना रविवारच्या सकाळसाठी मैदान मागणारा अर्ज द्या, खाली पाचही सह्या करा. आणि बक्षिसाचा विषय निघाला तर आधीच सांगून ठेवा, पहिल्या बक्षिसाला पैठणी नको, कुकर नको. संघातल्या प्रत्येकीला खेळाचे बूट द्या. आमच्या मापाचे!